कॉलेज फुटबॉल: कोच कधी बदलला यावरच रिक्रूटिंगचं गणित फिरतं

कोलंबसकर

नवा कोच कोण, यावर हवी तेवढी चर्चा होते. तो कोणत्या तारखेला आला, हे बातमीच्या शेवटच्या ओळीत असतं. माझ्या मते अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या २०२५ च्या मोसमात रिक्रूटिंगचं, म्हणजे खेळाडू मिळवण्याचं, नफा-नुकसान नावांपेक्षा तारखांनी जास्त केलं. मुद्देसूद चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

सगळ्यात ठळक उदाहरण लेन किफिनचं. १९ ऑक्टोबरला फ्लोरिडाने बिली नेपियरला काढलं. २५ ऑक्टोबरला एलएसयू (लुइझियाना स्टेट) स्वतःच्या मैदानावर टेक्सस ए अँड एमकडून ४९-२५ ने हरलं आणि दुसऱ्याच दिवशी ब्रायन केलीला नारळ मिळाला. म्हणजे दोन मोठ्या खुर्च्या एका आठवड्यात रिकाम्या झाल्या, आणि दोन्हीकडे पहिलं नाव किफिनचंच. तो तेव्हा ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठात, कोच होता. ओल मिसने मिसिसिपी स्टेटला हरवून नियमित मोसम ११-१ असा संपवला, प्लेऑफची जागा नक्की झाली, आणि ३० नोव्हेंबरला किफिन एलएसयूला गेला. करार ७ वर्षांचा, वर्षाला साधारण १ कोटी ३० लाख डॉलरचा.

आता कॅलेंडर बघा. हायस्कूलच्या मुलांनी कॉलेजच्या करारावर करायच्या सह्यांचा पहिला टप्पा ३ डिसेंबरला, बुधवारी सुरू होत होता. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे खेळाडूंना कॉलेज बदलायची वाट, २ जानेवारीला उघडणार होतं. एलएसयू प्लेऑफ संपेपर्यंत थांबलं असतं, तर हायस्कूलचा अख्खा वर्ग हातचा गेला असता आणि पोर्टलचे पहिले दिवसही. त्यामुळे 'मोसम संपू द्या, मग बोलू' हा पर्याय एलएसयूपुढे खरोखर नव्हताच. त्याचप्रमाणे किफिनला प्लेऑफमध्ये ओल मिसचं कोचिंग करू द्यायचं नाही, हा ओल मिसचे ॲथलेटिक डायरेक्टर कीथ कार्टर यांचा निर्णयही मला पूर्ण बरोबर वाटतो. त्यांनी त्याच दिवशी डिफेन्स सांभाळणाऱ्या पीट गोल्डिंगला मुख्य कोच केलं.

बऱ्याच जणांना हे सूडबुद्धीचं वाटलं. पण त्याच प्लेऑफमध्ये टुलेनचे जॉन समरॉल फ्लोरिडाला जाणार हे ठरलेलं असूनही टुलेनच्या बाजूला उभे होते, आणि जेम्स मॅडिसनचे बॉब चेस्नी यूसीएलएला जाणार असूनही ओरेगनविरुद्ध कोचिंग करत होते. फरक इतकाच की ती कॉलेजं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. ओल मिस आणि एलएसयू एसईसी या एकाच गटात (कॉन्फरन्समध्ये) आहेत, एकमेकांचे जुने वैरी आहेत आणि मिसिसिपी-लुइझियानातल्या त्याच मुलांच्या मागे असतात. कुणाला किती पैसे मिळतात, कुणाचा करार कधी संपतो, कोण नाराज आहे, हे सगळं ठाऊक असलेला माणूस पोर्टल उघडेपर्यंत रोज तुमच्या लॉकर रूममध्ये कसा ठेवायचा?

---

मृण्मयी

छान विषय. मला मुळातलं विचारायचं आहे. एखादा मुलगा वर्षभर 'अमुक कॉलेजला कमिटेड' म्हणून ओळखला जातो आणि शेवटच्या आठवड्यात दुसरीकडे सही करतो. हे नियमात बसतं का? आणि बसत असेल तर कमिट या शब्दाला किंमत काय?

---

भीमथडी

मृण्मयीताई, नियमात बसतं. कमिट म्हणजे तोंडी शब्द. मुलगा त्याला बांधील नाही आणि कॉलेजही नाही. स्कॉलरशिपची लेखी ऑफर बारावीच्या वर्षातल्या १ ऑगस्टनंतरच देता येते, त्याआधीचं सगळं बोलाचालीवर. बंधन येतं ते सहीने. पूर्वी त्यासाठी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट असायचं. १९६४ पासून चालत आलेला तो कागद ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाला. आता आर्थिक मदतीच्या करारावर सही होते आणि सोबत मोबदल्याचा वेगळा करार असतो. सही झाली की बाकीच्या कॉलेजांना त्या मुलाशी रिक्रूटिंगचं बोलणं बंद करावं लागतं.

आता फ्लिप, म्हणजे कमिट झालेला मुलगा दुसरीकडे फिरणं, प्रत्यक्षात कसा होतो ते सांगतो, कारण 'जास्त पैसे दिले, पोरगा फिरला' एवढंच समजलं जातं.

पहिली गोष्ट म्हणजे पाठलाग थांबतच नाही. मुलगा वैऱ्याकडे कमिट झाला तरी त्या भागाची जबाबदारी असलेला कोच हायस्कूलच्या कोचशी आणि आईवडिलांशी संबंध टिकवून असतो. मुख्य कोच शेवटी येतो, रोजचं काम पोझिशन कोच करतो. कॅम्पसबाहेर जाऊन रिक्रूटिंग करायची परवानगी मुख्य कोच धरून ११ जणांनाच आहे. २०२४ पासून मैदानात शिकवायला कितीही माणसं ठेवता येतात, पण घरी जाऊन बसणारे तेच ११. म्हणून त्यातला एक माणूस फुटला तरी एखाद्या भागातले सगळे धागे त्याच्याबरोबर जातात.

दुसरं, भेटी. अनऑफिशियल भेटीचा खर्च कुटुंबाचा, हव्या तितक्या करा. ऑफिशियल भेट ४८ तासांची, प्रवास-राहणं-जेवण कॉलेजकडून, आणि ती प्रत्येक कॉलेजला एकच. एकूण पाच भेटींची जुनी मर्यादा २०२३ मध्ये उठली. मुरलेले रिक्रूटर ऑफिशियल भेट जूनमध्ये उधळत नाहीत. नोव्हेंबरच्या मोठ्या सामन्यासाठी राखून ठेवतात, कारण जूनमधली छाप डिसेंबरपर्यंत टिकत नाही.

तिसरं, जागा. मुलगा आणि घरचे विचारतात, 'माझ्या पुढे कोण आहे?' त्याच पोझिशनवर कॉलेजने पोर्टलमधून दोन वर्षं शिल्लक असलेला खेळाडू आणला, तर हायस्कूलचा मुलगा डळमळतो.

आकडा येतो तो या तिन्हीनंतर. आधीचं काम झालेलं नसेल तर आकडा ऐकून घेतला जातो, आणि तो घेऊन मुलगा मूळ कॉलेजकडून वाढवून मागतो. बरीच कॉलेजं या सापळ्यात सापडतात, वैऱ्याच्या खेळाडूची किंमत वाढवून रिकाम्या हाताने परततात.

ब्राइस अंडरवुड हे चांगलं उदाहरण. २०२५ च्या वर्गातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, क्वार्टरबॅक, मिशिगनमधल्या बेलव्हिलचा. मिशिगन विद्यापीठाचं गाव ॲन आर्बर तिथून गाडीने अर्ध्या तासावर. जानेवारी २०२४ मध्ये तो एलएसयूला कमिट झाला. २१ नोव्हेंबर २०२४ ला मिशिगनकडे फिरला, सह्यांच्या दिवसाला दोन आठवडेही उरले नव्हते. चार वर्षांचे मिळून १ कोटीहून जास्त डॉलर, असा आकडा बातम्यांत छापून आला. पण मिशिगनकडे पैशाशिवाय दोन गोष्टी होत्या. त्या मोसमात त्यांचा पासिंगचा खेळ इतका कमजोर होता की पहिल्या वर्षीच जागा मिळणार हे उघड होतं, आणि घरचे प्रत्येक सामना बघू शकणार होते. २०२५ मध्ये तो पहिल्या सामन्यापासून खेळला.

---

ब्रह्मगिरी

भीमथडींनी रिक्रूटिंगची बाजू मांडली. मी करारांवर लिहितो, कारण तारीख उशिरा की लवकर हे बऱ्याचदा बायआउट, म्हणजे करार मोडल्यावर द्यायची रक्कम, ठरवतो.

कोचला काढलं तर उरलेल्या वर्षांचे पैसे द्यावे लागतात. किती, ते तीन कलमांवर अवलंबून. एक, उरलेल्या रकमेतली किती टक्के हमी आहे. दोन, ऑफसेट, म्हणजे नव्या नोकरीचा पगार त्यातून वजा होतो का. तीन, नवी नोकरी प्रामाणिकपणे शोधायची सक्ती आहे का. बातमीत फक्त पहिला आकडा येतो आणि लोक त्यावर वाद घालत बसतात.

टेक्सस ए अँड एमने जिंबो फिशरला १२ नोव्हेंबर २०२३ ला काढलं. शंभर टक्के हमी, ऑफसेट नाही. ६० दिवसांत १ कोटी ९२ लाख डॉलर आणि मग २०३१ पर्यंत वर्षाला ७२ लाख. एकूण ७ कोटी ६० लाखांच्या वर. त्याने दुसरीकडे काम केलं तरी एक डॉलर कमी होत नाही. इतका वाईट करार पुन्हा कुणी करू नये.

पेन स्टेटचा उलट. नॉर्थवेस्टर्नकडून हरल्यावर १२ ऑक्टोबर २०२५ ला जेम्स फ्रँकलिनला काढलं. देणं जवळजवळ ४ कोटी ९० लाख. पण करारात ऑफसेट होता. १७ नोव्हेंबरला फ्रँकलिन व्हर्जिनिया टेकचे कोच झाले आणि पेन स्टेटचं देणं तडजोडीत ९० लाखांवर आलं. एका कलमाने चार कोटी वाचले.

केलीचा करार या दोघांच्या मधला. १० वर्षांचा, ९ कोटी ५० लाखांचा. काढल्यावर देणं साधारण ५ कोटी ४० लाख, पण नोकरी शोधायची सक्ती होती. एलएसयूने आधी एकरकमी कमी पैशांत मिटवायचा प्रयत्न केला, मग 'रीतसर काढलंच नाही' अशी भूमिका घेतली. केली कोर्टात गेले आणि नोव्हेंबर संपता संपता एलएसयूने गैरवर्तनाचं कारण न लावता काढल्याचं मान्य केलं. या भांडणाचा रिक्रूटिंगला फटका असा की त्या काळात येणारा प्रत्येक कोच आणि त्याचा एजंट तेच बघत असतो: हे लोक ठरलेलं देतात का?

दुसरी बाजू, कोच स्वतः सोडून गेला तर. २०२४ मध्ये केलन डिबोअरसाठी अलाबामाला वॉशिंग्टनकडे १ कोटी २० लाख भरावे लागले. ओरेगनने डॅन लॅनिंगच्या करारात ही रक्कम २ कोटींवर नेऊन ठेवली. मिसिसिपीत राज्याच्या विद्यापीठांना कोचशी एका वेळी ४ वर्षांहून मोठा करार करता येत नाही, कायदाच आहे. त्यामुळे ओल मिसला किफिनसमोर पगाराची बरोबरी करता आली असती, वर्षांची नाही. हा तोटा त्यांना पुढच्या प्रत्येक कोचच्या वेळी राहणार.

---

आकाशनिळा

सगळं वाचलं. पण तुम्ही सगळे कोच आणि तारखांना फार महत्त्व देताय असं माझं मत. आता कॉलेज खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं. ज्याच्याकडे जास्त पैसा, त्याच्याकडे जास्त पोरं. कोच कुणीही असो.

---

कोलंबसकर

आकाशनिळा, पैशाचा हिशोब करून बघू.

खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या हाउस खटल्यातला समझोता न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी ६ जून २०२५ ला मंजूर केला. १ जुलैपासून कॉलेज सगळ्या खेळांना मिळून पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलर वाटू शकतं. नव्याने वाढवलेल्या स्कॉलरशिपचे २५ लाखांपर्यंत यातच धरले जातात. ते वजा केले तर हातात १ कोटी ८० लाख. मोठ्या कॉलेजांत फुटबॉलला ७५ टक्के हा नेहमीचा ढोबळ वाटा. म्हणजे १ कोटी ३५ लाख. रोस्टरची, म्हणजे संघातल्या खेळाडूंची, मर्यादा आता १०५. सरासरी काढली तर माणशी १ लाख २८ हजार.

अर्थात सरासरीने कुणीच वाटत नाही. क्वार्टरबॅक, डावा टॅकल, एज रशर यांच्यावर मोठा हिस्सा जातो आणि शेवटच्या तीस जणांना जवळजवळ काही नाही. म्हणजे वरच्या पंधरा-वीस कॉलेजांत मर्यादा सारखीच आणि फरक वाटपात. कुणावर किती लावायचं हे ठरवतो कोच आणि त्याचा जनरल मॅनेजर. चुकीच्या क्वार्टरबॅकवर वीस टक्के घालवले तर ते वर्ष गेलं.

मर्यादेबाहेरचा पैसा, म्हणजे जाहिराती आणि बाहेरचे करार, अजून आहेच. पण ६०० डॉलर किंवा जास्तीचा प्रत्येक करार डेलॉइट चालवत असलेल्या एनआयएल गो या यंत्रणेतून तपासून घ्यावा लागतो. कारण व्यावसायिक आहे का आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे का, हे बघितलं जातं. ही चाळणी किती कडक राहील यावर पुढची दोन-तीन वर्षं ठरतील. मला ती कडक राहिलेली हवी आहे. नाहीतर मर्यादेला अर्थ राहत नाही आणि लहान गावातली कॉलेजं कायमची मागे पडतात.

---

तांबडीमाती

पैसा सारखा असताना कोच बदलला की काय होतं, ते जानेवारी २०२४ मध्ये दिसलं.

८ जानेवारीला वॉशिंग्टन अंतिम सामन्यात मिशिगनकडून ३४-१३ ने हरलं. १० तारखेला अलाबामाचे कोच निक साबन निवृत्त झाले. १२ तारखेला डिबोअर वॉशिंग्टनहून अलाबामात. मग वॉशिंग्टनने ॲरिझोनाहून जेड फिशला आणलं, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटच्या ब्रेंट ब्रेननला, आणि सॅन होजे स्टेटने केन निऊमाटालोलोंना. साबनच्या एका निवृत्तीने चार कॉलेजांचे मुख्य कोच बदलले, आणि त्या वेळच्या नियमाने कोच गेला की खेळाडूंना ३० दिवस पोर्टल खुलं व्हायचं.

अलाबामातून सेफ्टी कॅलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेला. नुकताच दाखल झालेला क्वार्टरबॅक ज्युलियन सेयनही तिकडेच. आयझाया बाँड टेक्ससला. टॅकल केडिन प्रॉक्टर आयोवाला गेला आणि नंतर परत आला. डाउन्स त्याच मोसमात ओहायो स्टेटकडून राष्ट्रीय विजेता झाला. सह्यांचे दोन्ही टप्पे नीट जुळवून उभा केलेला वर्ग महिन्याभरात असा सांडतो.

पण याच महिन्यातली एक लढत अलाबामाने जिंकली आणि ती मला जास्त शिकण्यासारखी वाटते. सॅरालँडचा रिसीव्हर रायन विल्यम्स. २०२२ पासून अलाबामाला कमिट, पण डिसेंबरमध्ये सही केलेली नव्हती. साबन गेले त्याच दिवशी त्याने कमिटमेंट मागे घेतली. ऑबर्न लगेच मागे लागलं. राज्यातला सगळ्यात चांगला मुलगा, तोही आयर्न बोलच्या (अलाबामा-ऑबर्न सामन्याच्या) वैऱ्याच्या हातून, यापेक्षा मोठी शिकार ऑबर्नला कोणती? डिबोअरनी त्याला आधी प्राधान्य दिलं, आणि वॉशिंग्टनमधला त्यांचा पासिंगचा खेळ दाखवायला ताजा होता, अंतिम फेरीपर्यंत गेलेला. काही आठवड्यांत विल्यम्स परत आला. सप्टेंबरमध्ये १७ व्या वर्षी त्याने जॉर्जियाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत ७५ यार्डांचा टचडाउन मारून ४१-३४ चा विजय मिळवून दिला.

ॲरिझोनाची गंमत वेगळी. फिश गेल्यावर नोआ फिफिता आणि टेटैरोआ मॅकमिलन ही मुख्य जोडी थांबली. सगळ्यांनी ब्रेननचं कौतुक केलं. पुढच्या मोसमात संघ ४-८. दोन तारे राखले तरी ऑफेन्स शिकवणारे लोक गेलेले असतात, हे तिथे दिसलं.

---

आकाशनिळा

मग इंडियानाचं काय? तिथे ना पंचतारांकित पोरं होती ना परंपरा. १६-० गेले, मायामीला २७-२१ हरवून राष्ट्रीय विजेते झाले. म्हणजे हायस्कूल रिक्रूटिंगची ही सगळी मारामारी व्यर्थच ना?

---

भीमथडी

व्यर्थ नाही, पण इंडियानाने एक मोठा समज मोडला हे खरं. चार वर्षांत सह्या घेतलेल्यांपैकी निम्मे तरी चार-पाच स्टारचे असल्याशिवाय विजेतेपद नाही, असा ब्लू-चिप रेशोचा ठोकताळा होता आणि तो वर्षानुवर्षं खरा ठरत होता. इंडियाना त्याच्या जवळपासही नव्हतं.

कर्ट सिग्नेटींची नेमणूक ३० नोव्हेंबर २०२३ ची. म्हणजे पहिल्या सह्या आणि पोर्टल, दोन्हींच्या आधी. त्यांनी जेम्स मॅडिसनहून १३ खेळाडू आणले. एलायजा सॅरॅट, डीअँजेलो पाँड्स, एडन फिशर त्यातलेच. पण माझ्या लेखी जास्त महत्त्वाचं म्हणजे ऑफेन्सचे माइक शॅनहन आणि डिफेन्सचे ब्रायंट हेन्स हे दोघं कोऑर्डिनेटरही सोबत आले. मुलांना नवी भाषा शिकावी लागली नाही, तेच खेळ, तीच नावं, तेच इशारे. मग त्यावर कॅलिफोर्नियाहून फर्नांडो मेंडोसा आला आणि हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, घेऊन गेला.

म्हणून स्टार बघताना एक ध्यानात ठेवा. स्टार म्हणजे १७ वर्षांच्या मुलाबद्दलचा अंदाज. पाच स्टार साधारण ३२ जणांनाच देतात, एनएफएलच्या पहिल्या फेरीत ३२ जागा असतात म्हणून. २२ वर्षांच्या, तीन मोसम खेळलेल्या गड्याचा अंदाज बांधावा लागत नाही, त्याचा खेळ समोर असतो. संघांच्या क्रमवारीत तर वरच्या नावांना जास्त वजन आणि खालच्यांना कमी असं सूत्र आहे, त्यामुळे दोन मोठी नावं घेतली की वर्ग चमकतो, मग ऑफेन्सिव्ह लाइनला एकही माणूस नसला तरी.

---

सह्यकडा

पेन स्टेटवर ब्रह्मगिरींनी पैशाची बाजू लिहिली, पण रिक्रूटिंगची बाजू फार वाईट आहे आणि ती कोलंबसकरांच्या मुद्द्याला धरून आहे.

१२ ऑक्टोबरला कोच काढला. ३ डिसेंबरला सह्या सुरू झाल्या तेव्हाही नवा कोच नाही. मॅट कॅम्पबेल आयोवा स्टेटहून आले ते ५ डिसेंबरला. सह्या सुरू झाल्या तोवर फ्रँकलिन व्हर्जिनिया टेकला सोळा दिवस बसलेले होते, आणि पेन स्टेटच्या यादीतल्या प्रत्येक घरचा फोन नंबर त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी पेन स्टेटकडे दोन सह्या आल्या. दोन! मुलांची एक मोठी तुकडी फ्रँकलिनमागे ब्लॅक्सबर्गला, म्हणजे व्हर्जिनिया टेकला, गेली.

लवकर काढलं की शोधाला वेळ मिळतो, हे अर्धंच खरं. हकालपट्टी जितकी लवकर तितका जुन्या कोचलाही नवी नोकरी धरून तुमचीच मुलं उचलायला वेळ मिळतो. ऑफसेटने चार कोटी वाचले, कारण त्याला लवकर नोकरी लागली. आणि वर्ग फुटला तोही त्याचमुळे. हे दोन हिशोब वेगळे काढताच येत नाहीत. ऑक्टोबरमध्ये काढायचं असेल तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत नवं नाव हवंच. ते जमणार नसेल तर यादीतल्या मुलांशी रोज बोलणारे किमान चार सहायक पुढच्या वर्षासाठी पक्के करून ठेवावेत.

---

नर्मदातीर

वैऱ्याचा माणूस उचलण्यावर लिहिताना मिशिगन-ओहायो स्टेटला टाळून चालणार नाही. बो शेमबेक्लर मूळचे ओहायोतल्या बार्बर्टनचे, ओहायो स्टेटचे कोच वुडी हेज यांचे जुने खेळाडू आणि सहायक. मिशिगनने त्यांना १९६९ च्या मोसमासाठी नेमलं. त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावरच्या, सलग २२ सामने जिंकलेल्या ओहायो स्टेटला त्यांनी २४-१२ ने हरवलं. गुरुशिष्यांच्या दहा वर्षांत मिशिगन ५-४-१ पुढे.

आणि मैदानाइतकीच लढत ओहायोच्या हायस्कूलांत होती. ओहायोत मिशिगनपेक्षा जास्त चांगले खेळाडू तयार होतात, त्यामुळे मिशिगनला सीमा ओलांडावीच लागते. क्लीव्हलंडचा डेस्मंड हॉवर्ड १९९१ चा हाइझमन, फ्रीमाँटचा चार्ल्स वुडसन १९९७ चा. दोघं ओहायोचे, दोघं मिशिगनचे. ओहायो स्टेटच्या चाहत्यांना हे अजून सलतं, आणि सलायलाच हवं.

---

मृण्मयी

खूप शिकायला मिळालं. आता कोचच्या नेमणुकीची बातमी आली तर पहिल्या आठवड्यात नेमकं काय बघायचं?

---

भीमथडी

मी या क्रमाने बघतो.

१. ऑफेन्सिव्ह लाइन कोच आणि डिफेन्सिव्ह लाइन कोच कोण. कोऑर्डिनेटरची नावं मोठी असतात, पण लाइनची मुलं सगळ्यात हळू तयार होतात आणि पोर्टलमध्ये सगळ्यात महाग मिळतात.

२. जुन्या स्टाफमधून कोण राखला. त्या राज्यातल्या हायस्कूलांशी ओळख असलेला एक तरी माणूस राहायला हवा. सगळाच्या सगळा स्टाफ बदलणारे कोच पहिलं वर्ष ओळखी करण्यात घालवतात.

३. स्थानिक मुलं टिकली का. बॅटन रूजचा डिफेन्सिव्ह लाइनमन लमार ब्राउन एलएसयूच्याच आवारातल्या हायस्कूलचा. मधे कोच बदलला तरी तो थांबला. घराजवळची मुलं कॉलेजला बांधलेली असतात, लांबची मुलं कोचला. कोच जाणार असं वाटू लागलं की लांबच्या मुलांकडे आधी धावावं लागतं.

४. करारातला सहायकांचा निधी. मुख्य कोचच्या पगारापेक्षा हा आकडा जास्त बोलतो. तो जाहीर झाला नसेल तर बातमी अर्धवट समजा.

५. आणि नियमातली एक सवलत: मुख्य कोच बदलला तर मुलाला त्याच कॉलेजची दुसरी ऑफिशियल भेट घेता येते. नवा कोच पहिल्या दोन शनिवार-रविवारी ती कुणासाठी वापरतो, त्यावरून त्याची खरी यादी कळते. सही होईपर्यंत त्या मुलाबद्दल जाहीर बोलायला कोचला बंदी असल्यामुळे पत्रकार परिषदेतून काहीच कळत नाही.

---

मृण्मयी

शेवटचा प्रश्न. मिशिगनमध्ये सह्या ३ डिसेंबरला झाल्या आणि मुख्य कोच शेरोन मूर यांना १० डिसेंबरला काढलं. सही केलेली मुलं अडकली का?

---

ब्रह्मगिरी

अडकत नाहीत, पण वाट दोन प्रकारची आहे. मुलगा अजून कॉलेजात दाखल झाला नसेल तर त्याने मदतीच्या करारातून मोकळं करण्याची विनंती करायची. कॉलेजं बहुतेकदा मान्य करतात, कारण नाराज मुलाला धरून ठेवल्याची बातमी पुढच्या वर्गाला महाग पडते. जानेवारीत दाखल झाला असेल तर पोर्टलचा रस्ता. आता वर्षाला एकच खिडकी आहे, २०२६ मध्ये २ ते १६ जानेवारी. अंतिम सामना खेळणाऱ्यांना त्यानंतर पाच दिवस जादा. कोच बदललेल्यांसाठी वेगळी १५ दिवसांची खिडकी, ती नवा कोच जाहीर झाल्यानंतर पाचव्या दिवशी सुरू होते. पूर्वीचे ३० दिवस गेले.

म्हणूनच मिशिगनने २६ डिसेंबरला युटाचे काइल व्हिटिंगहॅम जाहीर केले, पोर्टल उघडायच्या आठवडाभर आधी. मुलांना निर्णय घ्यायच्या आधी कोचशी बोलायला तेवढा वेळ मिळाला.

एक वेगळी काळजी मात्र नवीन आहे. मोबदल्याच्या करारात आता खेळाडूच्या बाजूनेही बायआउटची कलमं येऊ लागली आहेत. जानेवारी २०२६ मध्ये वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक डिमाँड विल्यम्स ज्युनियर नव्या करारावर सही करून दोन-चार दिवसांत पोर्टलमध्ये जातो म्हणाला, कॉलेजने कराराची अंमलबजावणी करू असं ठणकावलं आणि तो थांबला. त्यामुळे सही करणाऱ्या घराने तीन गोष्टी वकिलाकडून वाचून घ्याव्यात: मुख्य कोच गेला तर खेळाडूचा बायआउट माफ होतो का, आधी मिळालेले पैसे परत द्यावे लागतात का, आणि वाद कोणत्या राज्याच्या कोर्टात चालेल. यातलं पहिलं कलम बहुतेक मसुद्यांत नसतं, ते मागून घालून घ्यावं लागतं, आणि ते सही करायच्या आधीच मागावं.